घर पाहायला आलेली माणसं

अकोल्याहून अंजनगावकडे जाणारी बस आमच्या फाट्यावर थांबते, पण तो थांबा नाही. कंडक्टरला आधी सांगून ठेवावं लागतं आणि त्याच्या मनात असलं तर तो घंटी मारतो. फाट्यावर एक बाभूळ आहे आणि पाठ तुटलेलं सिमेंटचं बाकडं. तिथून आत गावापर्यंत रस्ता आहे म्हणतात. अर्ध्या वाटेपर्यंत गिट्टी आहे, पुढे नुसती काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तीच माती चपलेला धरून बसते, आणि दहा पावलं चालल्यावर प्रत्येक पायाला एकेक चिखलाचा गोळा लागलेला असतो. आमच्याकडच्या बायका फाट्यापर्यंत अनवाणी जातात, चपला पिशवीत. बसमध्ये बसल्यावर बाटलीतलं पाणी पायांवर ओततात आणि मग चपला घालतात. मीही तसंच करते. बावीस वर्षं झाली.

गाव म्हणजे तीसेक घरं. पूर्णेच्या खोऱ्यात जमीन सपाट, नजर जाईल तिथपर्यंत काळी. तिच्यात मधेच पांढऱ्या मातीचं एक टेकाड वर आलेलं आहे, त्यावर आम्ही. घरं असतात ती पांढरी आणि वावरं असतात ती काळी, एवढंच आमचं जग. मावळतीच्या टोकाला मारुतीचं देऊळ आणि पार. उगवतीच्या टोकाला बौद्ध वस्ती, तिथे छोटं विहार, त्याला दरवर्षी रंग लागतो. मधे चौथीपर्यंतची शाळा. तिकडच्या वस्तीतली पोरं शिकून नोकऱ्यांवर गेली, इकडची पोरं न शिकताही गेली. संध्याकाळी पारावर बसणाऱ्यांत आता पन्नाशीच्या आतलं माणूस शोधावं लागतं. कापूस, तूर, मूग, आणि जमिनीत ओल राहिली तर हरभरा, एवढी पिकं. बागायत नाही, कारण पाणी खारं आहे.

भूगोलाच्या पुस्तकात ह्या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. मी ते शाळेत पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्याचा अर्थ लग्न झाल्यावर कळला.

मी मोर्शीकडची. माझ्या माहेरी संत्र्याची बाग, अंगणातच विहीर, उन्हाळ्यातही पाणी गोड आणि गार. माझे वडील हे घर पाहायला आले तेव्हा कापसाचे दिवस होते. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. त्यांनी वावरातली माती मुठीत घेऊन पाहिली, पोराचा हात पाहिला, चहा घेतला आणि होकार दिला. त्या चहाचं पाणी दुसऱ्या गावाहून बैलगाडीने आणलेलं होतं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मी सकाळी उठून विहिरीच्या पाण्याचा चहा मांडला. दूध घातलं आणि ते फाटलं. मला वाटलं दूधच खराब. दुसरं घातलं, तेही फाटलं. सासूबाई चुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"थ्या पाण्याचा चहा होत नाई," त्या म्हणाल्या. "थे पाणी आंगधुण्याले. पिण्याचं रांजणात हाय. इचारून घेत जाय."

रांजणातलं पाणी झाकून ठेवलेलं, वर पितळी ताट आणि ताटावर दगड. पुढे नळयोजना आली. तिचं पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, कधी पंधरा. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गावात दुसरं काम होत नाही. घरातली झाडून सगळी भांडी, पातेली, कळश्या, मुलीच्या शाळेची जुनी बाटलीसुद्धा भरून ठेवायची. त्या दिवशी मयत झाली तर माणसं आधी पाणी भरतात मग मयतीला जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि मी स्वतःही तसंच केलं आहे.

पण सांगायचं आहे ते माझ्या दिराच्या लग्नाचं.

माझ्या लग्नात तो शाळकरी होता. मोठ्या भावाचा सदरा घालून वरातीत पुढे पुढे नाचला होता. नंतर बारावी झाली, बी.ए.ची दोन वर्षं झाली, आणि सासरे गेल्यावर शिक्षण सोडून तो वावरात उतरला. माझ्या नवऱ्याला शेतीची माहिती आहे, पण दिराला शेतीचा हात आहे. ट्रॅक्टरचा आवाज ऐकून काय बिघडलं ते सांगतो. बोलतो कमी. दारू नाही, तंबाखू नाही. तिशी उलटून गेली तरी लग्न होईना.

लग्नं जुळवण्याचं काम आमच्यात माझ्या नवऱ्याचे मामा करतात. त्यांना मी मामाजी म्हणते. स्थळ घेऊन ते मोटारसायकलवर यायचे, ओसरीवर बसायचे आणि फोन लावून स्पीकर चालू करायचे, म्हणजे सगळ्यांनी ऐकावं. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"पोरगा काय करते?"

"शेती हाय. घरची."

"अन् आणखीन?"

त्या "आणखीन"पाशी सगळं अडायचं. आणखी काही नव्हतं. मुलीचा बाप स्वतः शेतकरी असायचा, त्याच्याही अंगणात ट्रॅक्टर उभा असायचा, आणि तोच विचारायचा, आणखीन काय. पुण्यात कंपनीत कंत्राटावर असलेला चालायचा. अमरावतीत दुकानावर काम करणारा चालायचा. मामाजी फोन ठेवून म्हणायचे, "जमाना बदलला बाप्पा." मला त्यांचाही राग यायचा. जमाना बदलला म्हणून आम्ही काय करायचं ते कोणी सांगत नव्हतं.

काही स्थळं फोनच्या पुढे गेली. आमची माणसं मुलगी पाहून यायची, मग त्यांची माणसं आमच्याकडे घर पाहायला यायची, आणि इथून गेली की फोन उचलायची नाहीत. एकदा तर पाहुणे फाट्यावरूनच परत गेले. आम्ही इकडे पोहे भिजवून बसलेलो. मामाजींनी फोन लावला तर म्हणाले, गाडी जाईना, पुन्हा कधी येऊ. दीर त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर बसला होता. त्याने उठून शर्ट काढला, खुंटीला लावला आणि कापसातलं तण काढायला डवरणीवर निघून गेला. पोहे गावात वाटले.

मी नवऱ्याला म्हणायची, रस्त्यासाठी तरी काही करा, चार जण मिळून मुरूम टाका. हे पारावर विषय काढायचे. तिथे उत्तर मिळायचं की रस्ता मंजूर आहे, आता आपण मुरूम टाकला तर मंजूर झालेला रस्ता रद्द होईल. हे मी कितीतरी वर्षं ऐकते आहे. मंजूर रस्ता रद्द होऊ नये म्हणून आम्ही चिखलातून चालतो.

शेवटचं स्थळ आलं ते अकोल्याचं. जुन्या शहरातलं, मोर्णा नदीच्या पलीकडच्या गल्लीतलं. मुलीच्या वडिलांचं शिलाईचं दुकान, घराच्याच पुढच्या खोलीत. मुलगी बी.कॉम. झालेली, कापडाच्या दुकानात हिशेबाला. तिचंही वय थोडं वाढलेलं, म्हणून ते शेतकऱ्यापर्यंत उतरले, असं मामाजी म्हणाले. दिराच्या समोर म्हणाले.

आम्ही गेलो. गल्ली एवढी अरुंद की दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. घर छोटं पण लख्ख. मोरीतल्या नळाला येता-जाता हात लावला की पाणी यायचं, आणि माझं लक्ष सारखं त्या नळाकडे. पोहे झाले, नावगाव विचारून झालं. मग मुलीच्या वडिलांनीच सांगितलं, दोघांना बोलायचं असेल तर बोलू द्या. वेगळी खोली नव्हती. आम्ही सगळे तिथेच बसलेलो आणि ती दोघं खिडकीपाशी उभी. सगळं ऐकू येत होतं.

तिने विचारलं, "तुमच्या गावाले पाणी कसं आहे?"

घरून निघताना नवऱ्याने दिराला बजावलं होतं की पाण्याचं विचारलं तर नळ आहे म्हण. खोटंही नव्हतं ते.

दीर म्हणाला, "खारं आहे. नळाचं गोड येते, पण आठवड्यानं येते. कधी त्याच्याहून जास्त."

नवऱ्याने मान खाली घातली. मामाजींनी खोकल्यासारखं केलं. मला एकाच वेळी दिराचा राग आला आणि बरंही वाटलं. माझ्या वडिलांना असं कोणी सांगितलं नव्हतं.

मुलीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "खरं सांगतलं तुमी. बाकीचे सांगत नाईत."

तिच्याकडून नकार येईल असं आम्ही धरून चाललो होतो. चार दिवसांनी निरोप आला की घर पाहायला येतो.

दिवाळी होऊन गेली होती. कापूस फुटलेला, आकाश साफ. आम्ही कधी केली नव्हती अशी तयारी केली. दिराने ट्रॉलीभर मुरूम आणून सगळ्यात वाईट ठिकाणी टाकला, मंजूर रस्त्याची पर्वा न करता. अंजनगावहून गार पाण्याचे मोठे जार आणून ठेवले. सासूबाईंनी अंगण सारवलं. आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला. धो-धो नाही, पण माती भिजायला जेवढा पाहिजे तेवढा. वेचायला आलेला कापूस झाडावरच भिजून लोंबायला लागला. एरवी त्याचं दुःख झालं असतं. त्या दिवशी मला फक्त रस्ता दिसत होता.

सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, त्यांना फोन करून दोन दिवसांनी बोलवा. हे म्हणाले, "एकदा पुढं ढकललं की येत नाईत. येऊ दे."

गाडी गिट्टी संपल्यावर शंभरेक हातांवर रुतली. चालकाने जोर लावला तशी आणखी बसली. मुलीचे वडील, काका आणि मावशी, तिघं उतरून चालत आले. मावशींनी नवी साडी गुडघ्यापर्यंत उचललेली, एका हातात चपला, दुसरा हात मुलीच्या वडिलांच्या खांद्यावर. आमच्या अंगणात आल्या तेव्हा पोटऱ्या काळ्या झालेल्या. दीर नमस्कार करून लगेच ट्रॅक्टर घेऊन गाडी काढायला गेला. म्हणजे ज्याला पाहायला आले होते तो पहिला तासभर त्यांना दिसलाच नाही, आणि परत आला तो नखशिखांत चिखलाने भरून.

मी मावशींना पाय धुवायला न्हाणीत नेलं. पाणी तापवून ठेवलं होतं. त्यांनी साबण लावला, चोळला, पुन्हा लावला. फेस येईना. मी नुसती उभी. त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरली आणि थुंकली. माझ्याकडे पाहिलं. त्या बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

चहा चांगला झाला, जारच्या पाण्याचा. मुलीच्या वडिलांनी दोन कप घेतले. वावर पाहायला जाता येण्यासारखं नव्हतं, म्हणून माळवदावर नेऊन दाखवलं. नवरा हाताने दाखवत होता, तिथपर्यंत आपलं, त्या लिंबापर्यंत. ते हं हं म्हणत होते. उत्तरेला सातपुडा स्वच्छ दिसत होता, पावसाने धुतल्यासारखा निळा. नवऱ्याने तेही दाखवलं, जणू तोही आमच्या सातबाऱ्यावर आहे.

ते खाली आले तेव्हा मी ताटं घेत होते. मावशी स्वयंपाकघरात आल्या आणि पाटावर बसल्या.

"तुमी मोर्शीकडच्या ना?"

"हो."

"तिकडं पाणी गोड."

"गोड."

त्यांनी पदराने मान पुसली. "एक इचारतो बाई, राग मानू नका. तुमाले पोरगी आहे म्हणे. अकोल्याले शिकते. तुमी देसान का तिले अशा गावाले?"

माझी मुलगी अकोल्यात वसतिगृहात राहते, नर्सिंगला आहे. तिला अशा गावात द्यायचं नाही, हे मी तिच्या जन्मापासून मनात धरून आहे. पुढच्या खोलीत माझा नवरा दिराची तारीफ करत होता आणि आवाज इथपर्यंत येत होता. हो म्हणावं एवढंच काम होतं माझं. वर्षानुवर्षं आम्ही ज्यासाठी खटपट करत होतो ते त्या एका शब्दावर होतं असं मला वाटलं.

मी म्हटलं, "नाई देणार. पण माह्या दिरासारखा पोरगा भेटला तर इचार करीन. मंग पोरीलेच इचारीन."

मावशींनी मान हलवली. "तुमच्या घरात सगळेच खरं बोलतात," त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

ते गेल्यावर मी हे दिराला सांगितलं. तो ट्रॅक्टरची चाकं धूत होता. मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, "बरं केलं वयनी. मी तं तुमच्या पोरीले इथी देऊच देल्ली नसती."

निरोप दहा-बारा दिवसांनी आला. होकार होता. मामाजी मोटारसायकल उभी करायच्या आधीच सांगत सुटले. मग पुढचं सांगितलं. मुलगी लग्नाला तयार आहे, मुलगा तिला पसंत आहे, पण राहील ती अकोल्यात. नोकरी सोडणार नाही. त्याने तिथे खोली करावी आणि शेतीला येऊन-जाऊन राहावं.

नवरा एकदम उभा राहिला. "शेती घरात राहून होते. मोटारसायकलवर बसून होत नाई."

"आजकाल लय जण करून राह्यले," मामाजी म्हणाले.

"करू दे त्यायले. आपल्या घरात नाई चालत. उद्या गायी कोण पाहीन? रातच्यानं डुकरं शिरले तं अकोल्याहून येईन का हा?"

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लगन तं होऊ दे. पुढचं पुढं."

सगळ्यांनी दिराकडे पाहिलं. त्याने पायाने जमिनीवरचं काहीतरी बाजूला केलं आणि म्हणाला, "मी राहीन अकोल्याले. सकायी उजेडायच्या आत वावरात असन. माह्या वाट्याचं काम पडू देणार नाई."

नवऱ्याने त्यानंतर दोन दिवस डबा वावरातच मागवला. मला कोणाचा राग येत होता ते मलाच समजत नव्हतं. दिराचं लग्न व्हावं म्हणून मी नवसही बोलले होते. आता ते होत होतं आणि मला रात्री जेवण जात नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्या मुलीचा राग येत होता, कारण तिला जे विचारायचं सुचलं ते मला सुचलं नव्हतं. मला कोणी खिडकीपाशी उभंही केलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

लग्न उन्हाळ्यात झालं, अकोल्यातच. गावातली माणसं ट्रॅक्टर-ट्रॉलीतून आणि बसने गेली. बायकांनी तिथल्या नळावर हातपाय धुतले, बाटल्या भरून घेतल्या. दिराने जुन्या शहरातच, सासऱ्यांच्या घरापासून जवळ, दोन खोल्या घेतल्या. आणि त्याने शब्द पाळला. पेरणीच्या दिवसांत तो खरंच झुंजुरका, उजाडायच्या आत, यायचा. मोटारसायकलचा आवाज ऐकून मी चहा टाकायची. संध्याकाळी पाच-साडेपाचला निघायचा, कारण पुढे अंधारात रस्त्यावर नीलगाई आडव्या येतात आणि बायको वाट पाहते. जाताना सासूबाई त्याच्या पिशवीत काही ना काही घालायच्या, भाजी, डाळ, कधी दूध. घरात एक माणूस कमी झाला आहे असं दिवसा वाटायचं नाही. संध्याकाळी वाटायचं.

जाऊ सणाला यायची. गोड बोलायची, कामाला हात लावायची. पण येताना स्वतःच्या पाण्याचा कॅन आणायची आणि मला म्हणायची, वहिनी तुम्ही पण यातलंच घ्या. त्यात वाईट काय होतं, काहीच नव्हतं. तरी मी त्यातलं पाणी कधी प्यायले नाही.

मग मूग आला. मूग असा की शेंगा वाळल्या की थांबत नाही, आणि नेमका त्याच दिवसांत पाऊस असतो. आम्ही तोडून खळ्यात ढीग घातला. मळणीयंत्र दुसऱ्या दिवशी यायचं होतं. दुपारपर्यंत ऊन कडक. पाचला दीर निघाला. जाताना आकाशाकडे पाहून म्हणाला, "पश्चिमेले थोडं भरलं आहे. ताडपत्री टाकून ठेवू का दादा?"

नवरा म्हणाला, "तू जाय. मी पाहतो."

त्या "तू जाय"मध्ये काय होतं ते मला कळलं, त्यालाही कळलं असावं. तो गेला. नवरा गुरं बांधायला गेला, मी सरपण आत घेत होते. अर्ध्या तासाच्या आत वारं सुटलं. आम्ही दोघं खळ्याकडे धावलो. ताडपत्री मोठी, चार जणांची. मी एक टोक धरलं की दुसरं उडायचं. नवऱ्याने एका बाजूला दगड ठेवले, तोवर माझ्या बाजूने वाऱ्याने ती सगळी उलटवली आणि मी तिच्यासोबत फरफटत काटेरी कुपाटीपर्यंत गेले. हाताला काटे लागले. शेजारचे काका आले, पण त्यांचं वय सत्तरीच्या पुढे. ज्यांना हाक मारावी अशी माणसं गावात उरलेली नाहीत. आम्ही तिघं ताडपत्रीवर अक्षरशः आडवे पडलो आणि पाऊस आमच्या पाठीवर पडत राहिला. खालून पाणी ढिगात शिरताना कळत होतं आणि उठता येत नव्हतं.

सकाळी दीर आला तेव्हा ढीग वाफाळत होता. चार दिवस ऊन पडलं नाही आणि मुगाला मोड आले. नवरा मोड आलेला मूग मुठीत घेऊन पाहायचा आणि गोठ्यात जायचा. दीर ओला मूग पाटीत भरून माळवदावर पसरायचा, पाऊस आला की गोळा करायचा, पुन्हा पसरायचा. तिसऱ्या दिवशी मीच तोंड उघडलं.

"भाऊजी, त्या संध्याकाळी तुमी असते तं..."

"मी असतो तं चार जण झालो असतो," तो म्हणाला. "मले ठाऊक आहे वयनी. रोज गाडीवर तेच डोक्यात राह्यते." मग थोड्या वेळाने, मूग पसरता पसरता म्हणाला, "पण मी इथी राह्यलो असतो तं आज एकटाच असतो. थे बी तुमाले ठाऊक आहे."

मी रिकामी पाटी घेऊन खाली आले.

त्या हंगामानंतर पारावर चर्चा सुरू झाली. ज्यांच्या घरी बिनलग्नाची पोरं होती ती माणसं दिराला थांबवून विचारायला लागली, अकोल्याला खोली कुठे मिळते, जायला किती वेळ लागतो. दोन घरांनी तसं केलंही. त्यांचीही लग्नं जुळली. दिराने वाट दाखवली असं लोक म्हणतात, चांगल्या अर्थाने म्हणतात. शाळेत पोरं कमी म्हणून ती शेजारच्या गावाच्या शाळेत मिळवायचं चाललं आहे. ग्रामसभेत मी उठून नळाचं विचारलं तर उत्तर मिळालं की नवी योजना मंजूर आहे. मी विचारलं, रस्ता जसा मंजूर आहे तशी का. काही जण हसले. ज्यांनी उत्तर द्यायचं होतं तेही हसले.

या वर्षी जावेला दिवस गेले. बाळंतपणाला सासूबाई अकोल्याला गेल्या. महिनाभरासाठी म्हणून गेल्या होत्या. नातू झाला. मी जाऊन पाहून आले, माझ्या दिराच्याच तोंडवळ्याचा आहे. महिना झाला, दुसरा झाला. मी फोन केला की त्या म्हणायच्या, येतो, पोराले थोडं बसू दे. मग म्हणायला लागल्या, इथी दवाखाना जवय आहे, माह्ये गुडघे बी दाखवतो आता. त्यांचं सगळं आयुष्य ह्या पांढरीवर गेलं. ह्या गावाविरुद्ध त्यांच्या तोंडून मी कधी एक शब्द ऐकला नव्हता. मी कुरकुर केली की त्या मला म्हणायच्या, बाईच्या जातीनं इतकं पाणी पाणी करू नये.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "माह्या लुगड्याची पेटी हाय ना, थ्याच्यातले लुगडे धाकल्यासंग पाठवून दे. अन् माही शाल."

"सगळी लुगडी?" मी विचारलं.

"व्हय," म्हणाल्या. "थंडी पडून राह्यली आता."

मी पेटी उघडली. लुगडी घडी घालून, मधे कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेली. एका गाठोड्यात बांधली. संध्याकाळी दिराने ते गाठोडं मोटारसायकलच्या मागे दोरीने आवळलं. मी म्हटलं, आईंना सांगा, गायीला गोऱ्हा झाला. तो हो म्हणाला आणि निघाला. नवरा गोठ्यात होता. मी त्यांना जाऊन सांगितलं की आईंनी लुगडी मागवली, सगळी. ते गायीच्या पाठीवर हात फिरवत होते.

"बरं," ते म्हणाले. "उद्या तुरीवर फवारणी आहे. मजूर भेटला नाई. तू येशील का?"

मी येते म्हटलं.